डावी बाजू तुझी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी किती दिवस टाळलं ते विचारू नकोस. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर कागद रेघांचा निघाला, आणि रेघांवर माझं अक्षर अजून तिसरीतच बसलेलं दिसतं. मग कोरा कागद आणला, तर त्यावर दुकानाच्या दारावर लावायला 'बटणं दाबावीत, आपटू नयेत' अशी पाटी लिहून टाकली. पाटी झकास झाली. पत्र राहिलं. खरं तर पहिल्या शब्दापाशीच गाडी अडत होती. 'तीर्थस्वरूप' लिहिलं की तू म्हणणार, आता हा काहीतरी मागणार. 'प्रिय' लिहिलं की म्हणणार, याला ताप आलाय. म्हणून नुसतंच ताई. मागायचंही आहे, पण ते नंतर.

तू म्हणाली होतीस, "बाबांशी बोलल्याशिवाय मला फोन करायचा नाही." मी फोन करत नाहीये. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस.

मी बरा आहे. वेळेवर जेवतो. कुठे आहे ते पाकिटामागे लिहिलंय. मधल्या काळात कुरिअरच्या गोदामात होतो, मग एका लॉजच्या काउंटरवर, मग एका माणसाबरोबर भिंती रंगवत होतो. त्याला उंचीची भीती वाटायची, त्यामुळे कंबरेच्या वरचं सगळं मी आणि खालचं सगळं तो. एकदा तर... पण ते राहू दे, तो विषय लांबेल.

सध्या एका दुकानात आहे. दुकान म्हणजे शिंप्याच्या दुकानाखालचं लांबट तळघर. मागे ढेरी असलेले जुने टीव्ही ओळीने मांडलेत, प्रत्येकासमोर एक कोच, आणि प्रत्येकाला जोडलेलं एकेक जुनं व्हिडिओ गेमचं मशीन. लोक तासाच्या हिशेबाने लहानपणचे गेम खेळायला येतात. हसू नकोस, चांगले टाय लावलेले लोक येतात. एक दातांची डॉक्टर दर गुरुवारी येते, गाड्यांच्या शर्यतीत सणकून हरते आणि खुशीत घरी जाते. माझं काम म्हणजे कॅसेटचे पितळी दात कापसाने पुसायचे, टीव्हीला नेमक्या जागी थापट मारायची आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं तर तिकडे बघायचं नाही. हा शेवटचा नियम मालकीणबाईंचा. त्या साठीच्या आहेत. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा डोक्यावर, आणि शोधत असतात तिसरा.

तर परवा फळी आवरताना मला काय सापडलं असेल? कंदीलवाला. आपलाच. निळी कॅसेट, वर तो ठेंगणा माणूस हातात कंदील घेऊन मनोऱ्याकडे बघतोय. मी ओरडलोच. मालकीणबाई म्हणाल्या, "ओरडू नकोस, लाव." लावली.

आणि गाणं सुरू झालं. नुसती धून, शब्द नाहीत. शेजारच्या कोचावरचे दोन गृहस्थ एकदम वळले. एक म्हणाला, "आई गं, ही धून!" दुसऱ्याने त्याचा दंड धरला. दोघे तिथेच विरघळले. मी मात्र खांबासारखा ताठ. मला काही म्हणजे काहीच होईना. ताई, मी ती धून आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

आपण कंदीलवाला कधी आवाज लावून खेळलोच नाही ना गं. बाबा रात्रपाळी करून छापखान्यातून यायचे आणि दिवसा झोपायचे. दोन खोल्या, मध्ये पडदा. टीव्ही मुका आणि आपणही मुके. त्यात मशीन कुणाचं तरी वापरलेलं, त्याच्याबरोबर रिमोट आला एकच. आपण त्यावरून भांडायचो, तेही कुजबुजत. मग तूच निवाडा केलास. रिमोट दोघांच्या मध्ये धरायचा. डावीकडची बाणांची बटणं तुझी, उजवीकडचं उडीचं माझं. चालवणार तू, उडवणार मी. आणि बोलायची बंदी, म्हणून उडीची वेळ झाली की तू गुडघ्याने माझा गुडघा ढोसायचीस. मला बेडक्या तेव्हापासूनच म्हणायला लागलीस ना? मी विसरलो होतो.

ते दोघे डोळे पुसत होते (मी तिकडे बघत नव्हतो) आणि माझ्या लक्षात आलं की मी कोचाच्या उजव्या टोकाला बसलोय, आणि डावीकडे एका माणसाची जागा सोडलीय.

बाकी ठीक.

तुझा,
बेडक्या

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

ताई,

उत्तराची वाट बघत नाहीये, मुळीच नाही. पोस्टमन आमची पत्रं वर शिंप्याकडे टाकतो, म्हणून मी सहज वर जातो. शिंपी म्हणतो, "आलास? बटण लावून घ्यायचंय की पत्र बघायचंय?" आता माझ्या शर्टाची सगळी बटणं घट्ट आहेत.

एक गोंधळ घातलाय. मोठा नाही. म्हणजे पाच-सहा हजार लोकांनीच वाचलाय.

नेटवर जुन्या गेमवाल्यांचा एक ग्रुप आहे. तू नाहीस तिथे, माहितीये, तू तिथे असशील तर मला फेफरं येईल. तिथे सगळे एकमेकांना भावा म्हणतात आणि सगळ्यांचं लहानपण एकच असतं. कुणीही कॅसेटचा फोटो टाकावा, खाली ठरलेली वाक्यं येतात. "कॅसेटमध्ये फुंकर मारायचो ते दिवस!" "आजच्या पोरांना काय कळणार!" हे दुसरं वाक्य लिहिणाऱ्याला स्वतःला अजून मिशी फुटलेली नसते. आधी मला गंमत वाटायची. मग कळलं की मीही तेच लिहितो. फुंकर. अरे, आपण कधी फुंकर मारली? तू कॅसेटला हात लावू द्यायची नाहीस. पण शंभर जणांनी लिहिलं की आपल्यालाही फुंकर आठवायला लागते. तिथे आठवणी अशाच मिळतात, तयार कपड्यांसारख्या, घाला आणि चाला.

म्हणून मी आपली स्वतःची लिहिली. अर्धा रिमोट तुझा, अर्धा माझा, मुका टीव्ही, गुडघा, बेडक्या हे नावसुद्धा. लोकांना फार आवडलं गं. कितीतरी जणांनी आपापल्या ताईचं लिहिलं. एकाने लिहिलं, "मला बहीण नाही, पण वाचून आहे असं वाटलं." तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण लाईक यायला लागले की माणूस पुढचंही सांगत सुटतो. मी लिहिलं की आम्ही दोघांनी अर्ध्या-अर्ध्या रिमोटवर पूर्ण गेम संपवला, शेवटच्या मनोऱ्यासकट. आणि शेवट लिहिला. मनोऱ्याच्या माथ्यावरून कंदीलवाला पलीकडे उतरतो, समोर तळं असतं, काठाला होडी. तो कंदील होडीच्या टोकाला टांगतो आणि निघतो. पाण्यात दुसरा कंदील दिसतो. मग तो दुसरा कंदील पहिल्याच्या पुढे जातो.

झालं. 'सूक्ष्मदर्शी' नावाचा एक महाभाग आहे तिथे, प्रत्येक गेमची भिंत विटेविटेने पाठ असलेला. त्याने लिहिलं, "या गेममध्ये तळं नाही. पाण्याचा थेंब नाही. होडीचं तर नावच सोडा. आणि अर्ध्या रिमोटवर शेवटचा मनोरा कुणालाही जमलेला नाही. भावा, स्वप्न पडलं असेल." त्यावर हसण्याची रांग लागली. कुणीतरी तळ्यात बसलेल्या बेडकाचं चित्र बनवलं, त्याच्या डोक्यावर कंदील. ताई, चित्र खरंच चांगलं होतं. मीच जपून ठेवलंय.

सगळे म्हणतात, शेवटाचा व्हिडिओ नेटवर आहे, एक बोट लावून बघ आणि गप्प बस. नाही बघणार. आजकाल काहीच न बघितलेलं राहत नाही. हे एक राहू दे.

मालकीणबाईंनी ते सगळं भांडण दोन्ही चष्मे लावून वाचलं. म्हणाल्या, "तोंडाची वाफ कशाला दवडतोस? मशीन आहे, कॅसेट आहे. खेळून दाखव." आणि दुसऱ्या दिवशी दारावर माझ्या पाटीशेजारी त्यांची पाटी : रविवार, १६ मार्च, कंदीलवाला, अर्ध्या-अर्ध्या रिमोटवर, शेवटपर्यंत. नेटवरही दाखवणार आहेत. सूक्ष्मदर्शी घरून बघणार आहे.

आता मागतो. तू ये. रविवारी सकाळी निघालीस तर दुपारी पोचशील, संध्याकाळी परत. मी तळघराच्या दारात उभा असेन. बाबांचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस, आपण फक्त खेळू. डावी बाजू तुझी आहे.

बेडक्या

बुधवार, २६ फेब्रुवारी

ताई,

तू येणारच आहेस हे धरून चाललोय, तरी सराव म्हणून इतरांना डावीकडे बसवून बघितलं.

आधी शिंपी. त्याचा डावा हात नामी आहे, रोज मशीनखालून कापड तोच तर सरकवतो. पण तो कंदीलवाल्यालाही कापडासारखाच सरकवतो, एका लयीत, खड्डा येवो की भिंत. मी म्हटलं, "अहो थांबा, खाली खड्डा आहे." तो म्हणाला, "शिवण मध्येच थांबवली की चुणी पडते." कंदीलवाला चुणी न पडता खड्ड्यात गेला.

मग दातांची डॉक्टर. ती फार काळजी घेते. प्रत्येक पावलाला मला विचारते, "दुखतंय का?" सवय गं तिची. पहिल्या मनोऱ्याला आमचा अर्धा तास गेला.

मालकीणबाई स्वतः बसल्या. त्यांनी माझ्या बाजूचंही बटण दाबलं. दोनदा. मी काही बोललो नाही, पगार त्याच देतात.

शेवटी एकट्याने, दोन्ही हातांनी. ते तर सगळ्यांत वाईट. माझा डावा अंगठा म्हणजे त्या रिमोटवर पाहुणा आहे. कुठे बसावं, काय धरावं, काही कळत नाही. आणि उजवा नुसता वाट बघत राहतो. ढोसलं की उठायचं, एवढंच त्याला शिकवलंय. त्याला खड्डा दिसत नाही, गुडघा दिसतो. मला वाटायचं मी या गेममध्ये पक्का आहे. ताई, मी हा गेम कधी बघितलेलाच नाही. मी पडद्याकडे बघत असेन, पण बघत होतीस तू.

परवा एक माणूस आला होता, चाळिशीचा, त्याने तीन तास एकच गेम लावला आणि खेळला नाही. नुसता पहिला पडदा लावून बसला, 'सुरू करा' असं लुकलुकतं ना, तो. जाताना मी विचारलं, "काका, खेळला नाहीत?" म्हणाला, "खेळायला नव्हतो आलो." मी विचार करत राहिलो की मग आपण कशाला रडतो नक्की. गेम तर आहे तसाच आहे. चित्रं छोटी निघाली, मनोरे बुटके निघाले, तो भाग सोड. पण सापडला ना? हातात आहे ना? मग राहिलंय काय? लोक नेटवर 'परत द्या ते दिवस' म्हणतात, आणि कुणी खरंच परत दिलं तर पहिला पडदा लावून बसतात.

हे लिहिता लिहिता एक विचारायचं धाडस होतंय. शेवटच्या मनोऱ्याचा दिवस मला नीट आठवत नाही. म्हणजे तळं आठवतं, लख्ख. पण त्याच्या आधी मला झोप लागली होती ना? तुझ्या खांद्यावर. मशीन दोन दिवस चालूच ठेवलं होतं आपण, कारण बंद केलं की पहिल्यापासून. आणि जाग आली तेव्हा पडदा काळा होता आणि तू म्हणालीस, "संपला गेम. तू झोपेतच उड्या मारल्यास. मी ढोसत होते आणि तू मारत होतास." आणि मग तळ्याचं सांगितलंस. मी पुढे वर्षभर शाळेत सांगत होतो की मी झोपेत उड्या मारतो.

ताई, झोपेत उडी मारता येते का गं?

मी सहा वर्षांचा होतो, म्हणून विचारतोय. एरवी विचारलं नसतं.

बेडक्या

गुरुवार, ६ मार्च

ताई,

अजून काही आलं नाही. शिंपी आता मला बघून नुसती मान हलवतो, बटणांचा विनोदही करत नाही. तो विनोद करत होता तेच बरं होतं.

बाबांचा विषय काढणार नाही म्हटलं होतं, पण पत्रात कुणी अडवायला नसतं.

छापखान्यात कामाला लागून तिसऱ्याच दिवशी मी निघून गेलो, त्याचं कारण तुलाही सांगितलं नव्हतं. काम अवघड नव्हतं. वाईटही नव्हतं. बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "आमचा धाकटा येतोय." सगळे माझ्याशी इतके चांगले वागत होते. त्या तिसऱ्या दिवशी फोरमन मला एक खुर्ची दाखवून म्हणाला, "ही तुझ्या वडिलांची. ते निवृत्त झाले की तुझी." खुर्चीच्या हातावर बोटांनी झिजून खळगा पडलेला. मी त्यात हात ठेवून बघितला तर बरोबर बसला. मला इतकी भीती आयुष्यात कशाची वाटली नाही. जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलो आणि चालतच राहिलो. बाबा दोघांचा डबा घेऊन फाटकापाशी सुट्टी संपेपर्यंत उभे होते, हे तू नंतर सांगितलंस. ते नसतं सांगितलंस तर कदाचित मी आठवडाभरात परत आलो असतो. डब्यानंतर कुठल्या तोंडाने येणार?

मागच्या आठवड्यात मी घरी फोन केला होता. बाबांनीच उचलला. "हॅलो," म्हणाले. मागे टीव्ही चालू होता, केवढ्या मोठ्याने! आपल्या घरात टीव्हीचा आवाज! मला आधी वाटलं नंबर चुकला. "कोण?" म्हणाले. "कोण बोलतंय?" मी ठेवून दिला. यालाही बोलणं धरणार नाहीसच तू.

मालकीणबाईंना तुझ्याबद्दल सांगितलं. "येईल का?" म्हणाल्या. म्हटलं, येईल. "नाही आली तर?" म्हटलं, तर मी सगळ्यांसमोर सांगेन की तळं नव्हतं. त्या बराच वेळ कॅसेट पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि असेल तर?"

मला तळं सोडायचं नाहीये गं. कुणी काही म्हणो, सूक्ष्मदर्शी तर काहीही म्हणो. पण तू काहीच बोलली नाहीस की मला असं वाटतं की ते लहानपण पण मीच बनवलंय, नेटवरच्या फुंकरीसारखं. अर्धा रिमोट माझ्याकडे आहे आणि दुसरा कधी कुणाकडे नव्हताच.

हे पत्र बाबांना दाखवू नकोस.

बेडक्या

रविवार, १६ मार्च, दुपार

ताई,

हे मी कोचावर बसून लिहितोय, पाठीमागे दुकान भरलंय. पोस्टात टाकेन तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, पण गप्प बसवत नाही. शिंपी दुकान बंद करून खाली आलाय. डॉक्टरीणबाई गुरुवार नसताना आल्यात. मालकीणबाईंनी डोक्यावरचा चष्मा काढून ठेवलाय, म्हणजे प्रसंग गंभीर. कॅमेरा लावलाय, नेटवर लोक जमलेत, बेडकाची चित्रं पडायला सुरुवात झालीय. सूक्ष्मदर्शीने लिहिलंय, "शुभेच्छा." एवढंच. बरा माणूस असावा.

मी उजवीकडे बसलोय. डावीकडे जागा आहे. दोघांनी विचारलं, इथे कुणी आहे का? म्हटलं, आहे.

दुपारची गाडी येऊन बराच वेळ झाला. तू जिन्याच्या तोंडाशी थांबून आधी वाकून बघशील असं वाटत होतं. कुणी वाकलं नाही. मालकीणबाई म्हणतात, अजून थोडं थांबू. मग शिंपी बसणार आहे, चुणी न पाडता.

रागावलो नाहीये. मी काय लिहिणार होतो? हां, त्या रंगवणाऱ्याचं. त्याला मी एकदा विचारलं, उंचीची भीती आहे तर रंगाऱ्याचं काम का धरलं? तो म्हणाला, वरचं करायला नेहमी कुणीतरी मिळतं. मला तेव्हा ते फार

ताई. बाबा आलेत.

थांब, सांगतो. जिन्यावर चपला वाजल्या, मी उठलोच, आणि बाबा. हातात पिशवी. तळघरात उतरून सगळ्यांकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, आणि पहिलं वाक्य काय असावं? "आवाज बंद करा तो. डोकं उठलं माझं." मालकीणबाईंना! आणि मालकीणबाईंनी निमूट बंद केला. दुकान एकदम मुकं झालं.

मग मला म्हणाले, "वाळलास."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बसा ना." ते डावीकडे बसले. विचारलं नाही, कुठे बसू. पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढली आणि टॉवेलमध्ये रिमोट. आपला! तुझ्या बाजूचा बाण झिजून सपाट झालेला. तू तो ठेवला होतास? इतकी वर्षं?

"मशीन कधीच मेलं," बाबा म्हणाले. "हा तिने ठेवला होता. महिनाभर माझ्या हातात देऊन बसवते रोज. कशाला जोडलेला नाही, काही नाही. ती पत्र वाचते आणि म्हणते, खड्डा आला, थांबा. आता चाला. आता ढोसा. वेड्यासारखे दोघं भिंतीकडे बघत बसतो."

"ताई का नाही आली?"

"तिकीट एकच काढलं तिने. हातात दिलं आणि म्हणाली, डावी बाजू आता तुमची."

मालकीणबाईंनी रिमोट घेतला, दात पुसले, मशीनला लावला. बसला. मी हळूच विचारलं, बाबा, तुम्हाला हा गेम माहीत तरी होता का? मागे सगळे कान देऊन ऐकत होते, नेटवरचेसुद्धा.

"माहीत नसायला काय झालं? झोप कुणाला लागत होती? पडद्याआड पडून तुमची बटणं ऐकायचो. ती टकटक टकटक, मग तुझं एक टक. तुझं चुकलं की कळायचं. घरात दोघं आहेत, ठीक आहेत, एवढं कळायचं. मग लागायचा डोळा." मग म्हणाले, "त्या शेवटच्या दिवशी मशीन इतकं तापलं होतं की मला वाटलं पेटतं आता. मीच बंद केलं. तू झोपला होतास. ती रडायला लागली, तो उठला की काय सांगू म्हणून. म्हटलं, सांग काहीतरी. मग तू उठलास आणि ती तळ्याचं सांगत बसली. मी ऐकत होतो आतून. होडी पण होती म्हणे."

मागे कुणीही हसलं नाही. शिंपी छताकडे बघत होता. डॉक्टरीणबाईंकडे मी बघितलं नाही.

"म्हणजे तळं नाहीये," मी म्हटलं.

"मला काय ठाऊक? मी तर आधीच बंद केलं. तिलाही ठाऊक नाही. आज बघू काय आहे ते."

ताई, मी छापखान्याचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "डबा आणलाय. नंतर."

पडद्यावर 'सुरू करा' लुकलुकतंय. कंदीलवाला पहिल्या मनोऱ्याखाली उभा आहे. बाबांचा अंगठा तुझ्या सपाट बाणावर आहे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मी हे असं कागदावर लिहीत बसलोय म्हणून ते माझ्याकडे बघतायत आणि

ढोसलं.

जातो.